सात नंबरचं दार

मी पोचले तेव्हा नव्या कॉम्प्युटरला
पिंजर लावून झाली होती.
पुढच्या दोन यूएसबींपैकी एकीत ती शिरलीही होती,
टाचणीने खरवडून काढली.
मागे पंख्याच्या जाळीवर आबोलीचा वळेसर.
तो कुष्टा सेक्रेटरीने स्वतः उतरवला,
देवाचा उतरवावा तसा दोन्ही हातांनी,
आणि विचारलं, "बाय, पाचांक जाता मगो?"

पाचला दूध येतं.
होंड्याच्या पुढे, चढावरची ही सोसायटी,
एक खोली, एक खिडकी, भिंतीवर दरांचा तक्ता.
जुना कॉम्प्युटर चतुर्थीच्या आदल्या रात्री गेला.
फॅट मोजणारं यंत्र मात्र तेच, बारा वर्षांचं,
नऊ पिनांच्या रुंद तोंडाची त्याची केबल,
आणि नव्याला तसलं तोंडच नाही.
मधे दुभाषी लागतो, निळ्या वायरीचा.
तो मी म्हापशाहून आणला होता. वाटलं होतं,
अर्ध्या तासाचं काम.

पहिला एरर: या प्रकाशकाची ओळख पटत नाही.
मला पटते, म्हटलं, चल पुढे.
दुसरा: फाईल सापडली नाही.
नाव एवढं लांब की वाचेपर्यंत खिडकी मिटली.
मग ब्याण्णव टक्के.
ब्याण्णववर ती हिरवी पट्टी अशी थांबली
की कुष्टाने पंखा बंद केला,
वाऱ्याने बिघडेल म्हणून.

वही होती. पण वही फॅट मोजत नाही,
आणि फॅट नसेल तर म्हशीचं दूध
गायीच्या भावाने जातं.

साडेचारला द्रौपदी माजिक आली,
ती नेहमीच पहिली.
कॅन सावलीत सरकवून पायरीवर बसली.
"कितें म्हणटा तें?"
म्हणतं, यंत्र सापडत नाही.
तिने मान वळवून यंत्राकडे पाहिलं,
टेबलावर, हाताच्या अंतरावर, लाल दिवा लावून बसलेलं.
"हें कितें मगे?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुन्हा काढलं, पुन्हा घातलं.
पुन्हा ब्याण्णव, मग अचानक शंभर,
आणि तरीही: यंत्र सापडत नाही.
आणखी चार कॅन आले. कुणी काही बोलेना.
ते बरं नव्हतं म्हणून असेल,
द्रौपदीच बोलायला लागली, कुणालाच उद्देशून नाही.
धरण झालं तेव्हा इथे आणून घातलं आम्हाला.
घराला नवा नंबर दिला, पत्र्यावर रंगवून.
पण माझ्या भावाची मनिऑर्डर
सहा महिने जुन्या नंबरावर जात राहिली.
तिथे पाणी होतं.
पोस्टमन परत लिहायचा, घर सापडले नाही.
खोटं कुठे लिहीत होता तो?

मी तेव्हा ऐकत होते असं म्हणणार नाही.
पण हात थांबला, आणि मी ती यादी उघडली
जी तासाभरापूर्वीच उघडायला हवी होती.
दुभाष्याला नव्या मशीनने सातवं दार दिलेलं.
आणि हा प्रोग्राम, बारा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला,
चारच दारं ओळखतो.
एक वाजवतो, दोन, तीन, चार,
आणि परत येऊन सांगतो, कोणी नाही.

सात पुसून तीन केलं.
इशारा आला: हा क्रमांक दुसऱ्याच्या नावे आहे.
कोणाच्या, ते सांगेना. बहुतेक
कधी जोडलेल्या, आता नसलेल्या कशाच्या तरी.
तरीही?
हो.

पाच वाजून बारा मिनिटांनी यंत्र चिरकलं.
सहा पूर्णांक आठ. कुष्टाने आकडा
मोठ्याने वाचला, रांगेतल्या शेवटच्यालाही ऐकू जावा असा.

पावती निघाली. लिटर बरोबर, फॅट बरोबर, रुपये बरोबर,
आणि नावाच्या जागी नुसते चौकोन,
एकाला एक लागून अकरा.
"हें म्हजें नांव?"
फॉन्ट राहिला, म्हटलं. उद्या घालते.
तिने कागद उजेडात धरला, चौकोन मोजल्यासारखे पाहिले.
"आकडो बरो आसा न्हय? मग जांव."
घडी करून कमरेला खोचला
आणि रिकामा कॅन नळाखाली धरला.